बसच्या आड गेलेली रिक्षा

प्रश्न : चौकातील चित्रणात संगणक प्रत्येक वाहनास क्रमांक देतो, परंतु बसच्या आड गेलेली रिक्षा पुन्हा दिसू लागताच तिला नवाच क्रमांक मिळतो. उपाय काय?

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे; मात्र दोष बहुधा वाहन ओळखण्यात नसून, एका चौकटीतील वाहनाचा पुढील चौकटीतील वाहनाशी मेळ घालण्यात आहे. रुडॉल्फ कालमन यांनी १९६० साली मांडलेली आणि पुढे अपोलो यानांच्या मार्गनिश्चितीस उपयोगी पडलेली गणिती गाळणी, पूर्वीचे स्थान व वेग यांवरून पुढील स्थानाचा अदमास बांधते आणि प्रत्यक्ष दर्शन घडताच तो दुरुस्त करते. दर्शन न घडल्यास अनिश्चितता वाढत जाते खरी, पण माग लगेच सुटत नाही. तो सुटतो मुदतीमुळे : न दिसणाऱ्या वाहनाचे नाव किती चौकटींनंतर खारीज करावे, ही मुदत सोप्या प्रणालींत कधी एकाच चौकटीची असते. सेकंदाला २५ चौकटींच्या चित्रणात ती तीस-चाळीसपर्यंत वाढवून पाहावी. रिक्षा बसआड थांबलीच, तर वेगावरील भरवसा फसतो. तेथे रंगरूपाची तुलना जोडावी लागते. अर्थात, सगळ्याच रिक्षा एका रंगाच्या असतील तर तीही साक्ष कच्चीच, आणि मग कॅमेरा अधिक उंचीवर बसविणे हाच, माझ्या मते, सर्वांत स्वस्त इलाज होय.