सोनकी म्हणजे छोटं सूर्यफूल का?

शिक्षक मित्रांनो, पालकहो, सप्टेंबरात मुलांना पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर नेलं, की पिवळी सोनकी पाहून कुणीतरी म्हणतंच, "छोटं सूर्यफूल!" हे उत्तर चूक म्हणून खोडू नका. ते अर्धं बरोबर आहे.

दोन्ही एकाच कुळातली : अ‍ॅस्टरेसी. या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो खरं तर अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. प्रजाती मात्र वेगळी. सूर्यफुलाची हेलिअँथस, सोनकीची सेनेशिओ.

मग ओळखायचं कसं? गुच्छाची खालची बाजू पाहा. सोनकीत सारख्या लांबीच्या हिरव्या छदांची मुख्य ओळ एकच असते, सूर्यफुलात अनेक. सोनकीच्या पिकलेल्या बियांना पांढऱ्या मऊ केसांचा झुपका असतो, सूर्यफुलाच्या बियांना नसतो. उडणाऱ्या अशा बीला आपली मुलं 'म्हातारी' म्हणतात ना? लॅटिनमध्ये सेनेक्स म्हणजे म्हातारा. त्यावरूनच सेनेशिओ हे नाव!

म्हणजे रंगावरून फक्त ओळख सुरू होते, वर्गीकरण बारीक खुणांवर ठरतं. या खुणा मुलांनाच शोधू द्या. फुलं मात्र न तोडता, वाकूनच पाहायची.