हायब्रीड गाडीचा हिशेब

द्राक्षाचा पैसा हाती आला की आपल्या नाशिक जिल्ह्यात गाडीची बोलणी सुरू होतात. हल्ली शोरूमवाला हायब्रीड गाडी दाखवतो. पेट्रोल वाचते, म्हणतो. किंमत मात्र जास्त असते. समजा, दोन लाखांनी जास्त आहे. मग घ्यावी का?

या गाडीत पेट्रोलचे इंजिन असते. शिवाय विजेची मोटर आणि मोठी बॅटरी असते. जपानात टोयोटा कंपनीने 1997 साली प्रियस नावाची अशी गाडी विकायला काढली. साध्या हायब्रीडला घरची वीज लावावी लागत नाही. ब्रेक दाबला की फिरत्या चाकांपासून वीज होते आणि बॅटरीत साठते. कसारा घाट उतरताना बॅटरी भरत जाते. पुढे मुंबईच्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलांनी चालते, तेव्हा पुष्कळदा इंजिन बंद राहते व मोटर गाडी ओढते. खरी बचत तिथे होते. मोकळ्या रस्त्यावर भरधाव गेले तर बचत कमी.

आता पाटी घ्या. निफाडकडचे एक आबा आहेत असे धरू. ते सुनेला म्हणाले, "सूनबाई, बघ बरं मांडून."

"आबा, आधी सांगा, आपली गाडी महिन्याला किती पळते?"

"पिंपळगावचा बाजार, नाशिक, कधी वणीचा गड. हजार किलोमीटर धर."

म्हणजे वर्षाला 12,000 किलोमीटर. साधी गाडी लिटरला 15 किलोमीटर जाते असे धरले, तर पेट्रोल लागेल 800 लिटर. हायब्रीड 20 गेली, तर 600 लिटर. वाचले 200 लिटर. लिटरचा भाव 100 रुपये धरला, तर वर्षाला 20,000 रुपये वाचले. दोन लाख फिटायला दहा वर्षे!

"आणि ते दोन लाख कर्जाचे," सून म्हणाली. "शेकडा 9 ने पहिल्या वर्षाचं व्याजच 18,000. हाती राहिले दोन हजार."

"मग शोरूमवाला खोटं बोलतो का गं?"

"नाही आबा. शेजारचे दादा भाड्याची गाडी चालवतात. मुंबईच्या फेऱ्या धरून महिन्याला 3,000 किलोमीटर होतात. त्यांचे वर्षाला 60,000 वाचतील."

दादांचे जादा पैसे व्याजासकट साधारण चार वर्षांत फिटतील. पण बॅटरी महाग असते. तिची हमी किती वर्षांची व किती किलोमीटरची, हे कागदावर स्वतः वाचावे. हमी 1,60,000 किलोमीटरची असली, तर दादांची ती साडेचार वर्षांच्या आतच संपते. भाड्याच्या गाडीला तीच हमी मिळते का, हेही विचारावे.

आबांनी एक तारखेला जुन्या गाडीच्या मीटरचा आकडा वहीत लिहिला. पुढच्या एक तारखेला पुन्हा लिहिला. फरक आला 870.