आमदार नसताना मुख्यमंत्री?

प्रश्न : आमच्या गावच्या दूध संस्थेत सभासद नसलेला माणूस अध्यक्ष होत नाही. मग आमदार नसलेला माणूस मुख्यमंत्री कसा होतो?
– एक वाचक, करवीर, जि. कोल्हापूर

उत्तर : होतो, पण उधारीवर. राज्यघटनेच्या कलम १६४(४) नुसार त्याला सहा महिन्यांत विधानसभेचे किंवा विधान परिषदेचे सदस्य व्हावे लागते, नाहीतर पद जाते. तुमच्या शेजारच्या कराडचे पृथ्वीराज चव्हाण ११ नोव्हेंबर २०१० रोजी मुख्यमंत्री झाले, तेव्हा ते राज्यसभेचे खासदार होते. एप्रिल २०११ मध्ये ते विधान परिषदेवर बिनविरोध गेले. उद्धव ठाकरे यांनी २८ नोव्हेंबर २०१९ रोजी शपथ घेतली. कोरोनामुळे निवडणूक लांबली, मुदत संपत आली आणि मे २०२० मध्ये तेही बिनविरोध परिषदेवर आले.

मुदत संपल्यावर निवडून न येताच पुन्हा शपथ घेण्याची पळवाट सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये बंद केली.

मात्र चव्हाण आणि ठाकरे या दोघांनीही परिषदेची वाट धरली. तिथल्या त्यांच्या जागांसाठी आमदार मत देतात, तुम्ही-आम्ही नाही. कायदा पाळला जातो. जनतेचा कौल घ्यायचा राहून जातो.