आधी निकाल, मग परीक्षा

मालिकांसाठी खलनायक लिहिणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी अपॉकलिप्सचा अभ्यास करावा, असं माझं ठाम मत आहे. मार्व्हलच्या एक्स-मेन कॉमिक्समधला हा करड्या चेहऱ्याचा, निळ्या ओठांचा, पाच हजार वर्षं जगलेला इजिप्शियन. मूळ नाव एन सबाह नूर. त्याचं तत्त्वज्ञान एका ओळीत मावतं: बळकटाने जगावं, दुबळ्याने मरावं. त्याची ताकद मात्र कुठल्याच ओळीत मावत नाही, लेखक बदलला की तीही बदलते.

मी बरीच वर्षं अंधेरी-गोरेगाव पट्ट्यात पौराणिक आणि ‘फँटसी’ मालिकांचे एपिसोड लिहितो आहे. राक्षस, तांत्रिक, इच्छाधारी नाग यांच्या जिवावर बोरिवलीच्या घराचे हप्ते गेले. कॉमिक्स आधी स्टेशनाजवळच्या रद्दीवाल्याकडे मिळायची, पुढे वर्सोव्याला ‘लीपिंग विंडोज’ नावाचं कॉमिक्सचं वाचनालय होतं तिथे बसून वाचली. धंदा आणि वाचन यांतून जे हाती लागलं ते असं.

१. खलनायक घाईतच जन्मतो, त्यात वावगं काही नाही

अपॉकलिप्स पहिल्यांदा दिसला १९८६ साली, ‘एक्स-फॅक्टर’च्या पाचव्या अंकाच्या शेवटी, तोही नुसती काळी आकृती म्हणून. आधीचे लेखक बॉब लेटन यांच्या मनात त्या जागी डेअरडेव्हिलच्या कथांमधला ‘आउल’ होता. सहाव्या अंकापासून लेखन लुईस सायमन्सन यांच्याकडे आलं. त्यांना त्याहून तगडा शत्रू हवा होता, आणि चित्रकार जॅक्सन गाईस यांनी त्याला रूप दिलं. त्याचा इजिप्तमधला जन्म, वाळवंटातल्या लुटारूंनी केलेलं संगोपन, हे सगळं सविस्तर आलं ते १९९६ च्या ‘राइज ऑफ अपॉकलिप्स’मध्ये. पोर दहा वर्षांचं झाल्यावर बारसं.

आमच्याकडे गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि शुक्रवारी सकाळी फोन वाजतो: “सर, सोमवारपासून नवा व्हिलन हवाय.” तो काय करू शकतो हे कोणी विचारत नाही, काय घालतो हे विचारतात, कारण कपडेपटाला वेळ लागतो. असे घाईत जन्मलेले कित्येक जण पुढे चांगले धट्टेकट्टे निघाले आहेत. गोची होते ती नंतर.

२. ताकदीची वही पहिल्याच दिवशी घाला

सुरुवातीला अपॉकलिप्सची एकच कला होती, स्वतःच्या शरीराच्या कणाकणावर ताबा. हाताचा घण करायचा, अंगाचा मनोरा करायचा. पुढे तो उडू लागला, हातातून ऊर्जेचे झोत सोडू लागला, इतरांच्या मनात शिरू लागला, यंत्रांशी बोलू लागला. २०१६ च्या सिनेमात ऑस्कर आयझॅकने केलेला अपॉकलिप्स तर माणसांना भिंतीत गाडतो, दुसऱ्यांच्या शक्ती वाढवून देतो आणि एका देहातून दुसऱ्या देहात मुक्काम हलवतो. (त्याच सिनेमाच्या ट्रेलरमध्ये त्याने आपल्या जुन्या नावांत कृष्णाचंही नाव घेतलं आणि काही हिंदू संघटना चिडल्या. मला देव आठवला नाही, आमचा एक निर्माता आठवला. पडेल त्या यशावर तोही आपलं नाव घालतो.)

हाच पर्वत हलवणारा गडी १९९२ च्या ‘एक्स-क्युशनर्स साँग’मध्ये चक्क मार खाऊन पडतो. कारण काय, तर त्याची झोप पुरी झाली नव्हती. दर काही काळाने त्याला एका पेटीत निजून अंग भरून काढावं लागतं आणि या वेळी त्याला वेळेआधी उठवलं गेलं.

गोरेगावच्या नेस्कोत कॉमिक कॉन भरलं होतं तेव्हा रांगेत माझ्या पुढे दोन कॉलेजची पोरं भांडत होती, एक मुलुंडचा, एक घाटकोपरचा. “अरे, तो थॅनॉसला उभा चिरेल!” “चल रे, त्याला तर एकट्या केबलने लोळवलाय!” दोघांनी फोनवर पानं काढून दाखवली. दोघांचंही खरं होतं. ज्या पात्राबद्दल दोन परस्परविरोधी पुरावे तितकेच अस्सल असतात, त्याची भीती वाटत नाही, त्याच्यावर पैजा लागतात.

आमच्याकडे हे पैशांमुळे होतं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तांत्रिक डोळ्यांतून आग ओकतो, चौथ्या आठवड्यात व्हीएफएक्सचं बजेट संपतं आणि तोच तांत्रिक नायिकेच्या दुधात गोळी कालवताना दिसतो. प्रेक्षक मूर्ख नसतो. त्याला वाटतं, एवढी आग आहे तर गोळी कशाला? म्हणून मी पहिल्याच दिवशी एका पानावर तीन रकाने आखतो: काय जमतं, काय जमत नाही, कशाची किंमत मोजावी लागते. तिसरा रकाना रिकामा राहिला तर एपिसोड लिहायला घेत नाही.

३. पुराणकारांकडे ही वही होती

हिरण्यकशिपूचा वर आठवा. माणसाकडून नाही, पशूकडून नाही, दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही. एखाद्या वकिलाने बसून केलेला मसुदा आहे तो. कलमं आधी जाहीर होतात, मग सगळी कथा त्या कलमांमधली फट शोधण्यात रंगते, आणि उंबरठ्यावर, तिन्हीसांजेला, नखांनी ती सापडते. भस्मासुराची ताकद तर एका वाक्याची आहे आणि त्याच वाक्यात त्याचं मरण आहे. अपॉकलिप्सला कोणी वर दिला नाही, म्हणून त्याला अटही नाही. अट नसलेल्या माणसाला हरवायचं कसं? लेखकाने त्या दिवशी त्याला अशक्त ठरवायचं. दुसरा मार्गच उरत नाही.

४. ताकद आणि तत्त्वज्ञान एकाच भोकातून गळतं

हे कळायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आधी वाटायचं, ताकदीचा घोळ ही लेखकांची हलगर्जी आणि तत्त्वज्ञान तेवढं पक्कं. तसं नाही.

‘बळकट तो जगेल’ म्हणणाऱ्या या माणसाचं बळ कुठून येतं ते बघा. सेलेस्टियल्स नावाच्या अवकाशातल्या महाकाय देवांची यंत्रं त्याच्या हाती लागली, त्यांवर त्याचा डोलारा उभा आहे. चिलखत उसनं, जहाज उसनं. शरीर झिजतं म्हणून पेटीत निजायचं, आणि २००० च्या ‘द ट्वेल्व्ह’ कथेत तर तरुण पोराचा देहच बळकावायला निघतो. त्याचा नियम त्याला स्वतःला लावला तर पहिल्या फेरीत बाद. पण तो परीक्षेला कधी बसतच नाही, परीक्षक असतो.

एंजलचं प्रकरण याहून बोलकं. वॉरन वर्दिंग्टन, पांढऱ्या पंखांचा देखणा तरुण. जखमी पंख कापावे लागतात आणि तो खचतो. अपॉकलिप्सच्या कायद्याने हा दुबळा, संपायला हवा. तो काय करतो? त्याला धातूचे पंख देतो, आपल्या चार स्वारांपैकी ‘मृत्यू’ म्हणून नेमतो आणि मग त्याला बळकट म्हणतो. निवड निसर्गाने केलेली नाही, साहेबांनी केली आहे. अंगावर घेतला तो बळकट, झटकला तो दुबळा. आधी निकाल लावायचा आणि मग त्याला साजेसा पेपर काढायचा. अशा माणसाची ताकद ठरलेली राहील कशी? ती प्रसंगानुसार वाढणं-घटणं हेच त्याच्या तत्त्वज्ञानाचं खरं स्वरूप आहे.

त्याचा कायदा मनापासून पाळला तो फक्त त्याच्याच तालमीतल्या ‘डार्क रायडर्स’नी. १९९२ मध्ये तो अर्धवट झोपेतून उठून अशक्त झालेला दिसताच ते त्याच्यावरच धावून गेले. नियमाप्रमाणे बरोबरच होतं. त्याला मात्र तो विश्वासघात वाटला.

५. डार्विनच्या नावावर बिल फाडू नका

‘सर्वांत योग्य तो टिकतो’ ही शब्दयोजना हर्बर्ट स्पेन्सरची, १८६४ ची. डार्विनने ती ‘ओरिजिन’च्या पाचव्या आवृत्तीत, १८६९ साली घेतली, आणि तिथे योग्य म्हणजे त्या ठिकाणच्या परिस्थितीला जुळणारा, दांडगा नव्हे. अपॉकलिप्स म्हणतो, युद्ध पेटवा म्हणजे वंश सुधारेल. ‘डिसेंट ऑफ मॅन’मध्ये डार्विनने नेमकी उलट तक्रार केली आहे: सैन्यभरतीत धडधाकट तरुण जातात आणि मरतात, अशक्त घरी राहून संसार थाटतात.

पुस्तक वाचायचा कंटाळा असेल तर अंधेरी पश्चिमेला भवन्स कॉलेजमागे गिल्बर्ट हिल आहे. सुमारे दोनशे फूट उंच, बेसाल्टच्या उभ्या खांबांचा एकसंध सुळका, भोवती इमारती आणि झोपड्या पार पायथ्याला भिडलेल्या, माथ्यावर गावदेवीचं मंदिर. सीन अडला की मी त्या पायऱ्या चढतो. हा खडक दख्खनच्या लाव्हातलाच, आणि तो लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनभर पसरत होता. त्याच सुमारास मेक्सिकोत अशनी आदळला. डायनासोर संपवण्यात लाव्हाचा वाटा किती आणि अशनीचा किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत. वाचलं कोण, यावर भांडण नाही: बेडूक, कासवं, मगरी, काही पक्षी आणि बिळात दडणारे उंदराएवढे सस्तन प्राणी. त्या दिवसांत अपॉकलिप्स असता तर त्याने पैज टी-रेक्सवर लावली असती.

आमच्या बोरिवलीच्या उद्यानातही वाघ उरला तो सफारीच्या कुंपणाआड. मोकळा फिरतो तो बिबट्या, जो रात्री आरेतली भटकी कुत्री खाऊन भागवतो.

६. मोजणारा माणूस कथेत हवा

अपॉकलिप्सच्या पदरी एक शास्त्रज्ञही आहे, मिस्टर सिनिस्टर. १९९६ च्या एका लघुमालिकेत तो १८५९ च्या लंडनमधला नॅथॅनियल एसेक्स असतो, डार्विनचा समकालीन. वंशसुधारणेने झपाटलेला आणि त्यापायी माणुसकी सोडलेला. कागदावर तो भडक वाटतो. खरा इतिहास त्याहून फार सौम्य नाही.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधनाला गेल्या. फिशर वंशशास्त्रातले बडे प्रस्थ, पुढे नाझींना सोयीचे ठरलेले. त्यांचा सिद्धांत असा, की गोऱ्या युरोपीय माणसाची कवटी उजव्या-डाव्या बाजूंनी असमान असते आणि हे त्याच्या श्रेष्ठ बुद्धीचं लक्षण. इरावतीबाईंना तेवढं सिद्ध करून द्यायचं होतं. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं, की या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. परक्या देशात, पदवी ज्यांच्या हातात त्याच गुरूंविरुद्ध. निकाल आधी ठरलेला होता, बाईंनी परीक्षा घेतली.

मी हे वाचल्यापासून प्रत्येक खलनायकाच्या दरबारात एक असा कारकून ठेवतो, जो मुकाट्याने मोजत असतो. त्याला संवाद कमी असतात. खलनायक नायकाला घाबरत नसला तरी याला घाबरतो.

७. रक्त तेच, घर वेगळं

रिक रेमेंडर यांच्या ‘अनकॅनी एक्स-फोर्स’मध्ये (२०१०) अपॉकलिप्स लहान मुलाच्या रूपात परततो आणि त्याला गोळी घातली जाते. मग एक्स-फोर्समधलाच फँटोमेक्स त्याच पेशींतून दुसरा मुलगा, इव्हान, वाढवतो, कॅन्ससमधल्या शेतावर, प्रेमळ कुटुंबाच्या मायेत. ती माया आभासी असते, पण पोराला काय माहीत? इव्हान सालस निघतो. पाच हजार वर्षांच्या तत्त्वज्ञानाला याहून नेमका टोला मी वाचलेला नाही. विशेष म्हणजे त्यात एकही ठोसा नाही.

८. ठिगळ लावायचं तर मापाचं लावा

२०१९ पासून जोनाथन हिकमन यांनी एक्स-मेनची घडी नव्याने बसवली आणि अपॉकलिप्सला क्राकोआ बेटावर इतरांच्या पंगतीत बसवलं. मग कळलं, की त्याला एक बायको होती, जेनेसिस, आणि चार मुलं, तेच पहिले चार स्वार. हजारो वर्षांपूर्वी ती सगळी अमेंथच्या राक्षसांना थोपवायला दुसऱ्या जगात गेली आणि हा इकडे राहिला, ते राक्षस कधी ना कधी येतील म्हणून माणसं कणखर करत. १९८६ च्या पात्राला तेहतीस-चौतीस वर्षांनी कारण मिळालं.

जुने वाचक कुरकुरले. मला ठिगळ आवडलं, कारण त्यात परीक्षा पहिल्यांदा आधी जाहीर झाली: अमुक शत्रू आहे, त्याच्यापुढे टिकायचं आहे. तिथे त्याचं तत्त्वज्ञान बऱ्यापैकी उभं राहतं आणि तिथेच तो खलनायक राहत नाही. २०२० च्या ‘एक्स ऑफ सोर्ड्स’च्या शेवटी तो बायकोबरोबर निघून जातो. आमच्याकडे याला ‘ग्रे शेड’ म्हणतात. नट खूश होतो, आणि पुढच्या गुरुवारी आकडे आले की फोन येतो, सोमवारपासून नवा व्हिलन हवाय.