सात पुलांचे कोडे

कोनिग्सबर्ग हे पूर्वी प्रशियाच्या राज्यातील एक शहर होते. आज ते रशियात असून कॅलिनिनग्राद या नावाने ओळखले जाते. शहरातून प्रेगेल नदी वाहते. तिच्या प्रवाहांमुळे शहराचे चार भाग झाले होते: मधले बेट, दोन काठ आणि नदीच्या दोन फाट्यांमधील पूर्वेकडील भूभाग. अठराव्या शतकात हे भाग सात पुलांनी जोडलेले होते. प्रत्येक पूल एकदा, आणि एकदाच, ओलांडला जाईल असा फेरफटका करता येईल काय, हे कोडे तेथील लोकांत प्रचलित होते. तसा मार्ग कोणाला सापडत नव्हता. पण तो नाहीच, असेही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते.

हे कोडे लिओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञाने १७३५ साली सोडविले. त्या वेळी ते सेंट पीटर्सबर्ग येथील विज्ञान अकादमीत होते. कोड्यात मोजावयास लांबी नव्हती की कोन नव्हता. लागू पडेल असे सूत्रही नव्हते. पूल ओलांडण्याचे सारे क्रम लिहून पाहणे शक्य होते. परंतु ते अतिशय कष्टाचे, आणि दुसऱ्या शहराच्या कामी न येणारे. म्हणून ऑयलर यांनी ती वाट सोडली.

प्रथम त्यांनी अनावश्यक ते सारे बाजूला सारले. घरे, रस्ते, पुलांची लांबी यांचा प्रश्नाशी संबंध नव्हता. चार भागांना त्यांनी चार अक्षरे दिली. 'अ' मधून 'ब' मध्ये गेले की 'अब' लिहावयाचे. अशा रीतीने मार्ग म्हणजे अक्षरांची एक माळ झाली. सात पूल ओलांडले की माळेत आठ अक्षरे होणार.

नंतर त्यांनी सोपा प्रश्न घेतला. एखाद्या भागाला एकच पूल असेल, तर त्याचे अक्षर माळेत एकदाच येईल. तीन पूल असतील, तर प्रवास तेथून निघो वा अन्यत्रून, ते दोनदाच येईल. पाच पूल असतील, तर तीनदा. बेटाला पाच पूल होते आणि उरलेल्या तिन्ही भागांना तीन-तीन. म्हणजे अक्षरे हवीत ३ + २ + २ + २ = ९. माळेत जागा तर आठच! तेव्हा असा मार्ग असूच शकत नाही.

उत्तर मिळाल्यावरही ऑयलर थांबले नाहीत. त्याच विचारातून त्यांनी कोणत्याही शहरासाठी नियम शोधला. विषम संख्येने पूल असलेले भाग दोहोंपेक्षा अधिक असतील, तर मार्ग नाही. असे दोनच भाग असतील, तर एकातून निघून दुसऱ्यात पोहोचावे. एकही नसेल, तर कोठूनही निघावे. याच लेखातून पुढे आलेखशास्त्र ही गणिताची शाखा उदयास आली.

वाट न सापडणे निराळे आणि वाट नाही हे सिद्ध करणे निराळे. पहिल्याने मनुष्य थकतो. दुसऱ्याने ज्ञान वाढते. अपरिचित उदाहरण दिसताच पाठ केलेले सूत्र शोधीत बसू नये. त्यात महत्त्वाचे काय आहे, हे आधी विचारावे.

स्वाध्याय
१. ऑयलर यांनी सारे क्रम लिहून पाहण्याची रीत का सोडली?
२. कोणत्याही दोन भागांमध्ये आठवा पूल बांधला, तर मार्ग मिळेल काय? कारण सांगा.
३. 'छातीठोकपणे सांगणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.