पार्व्होचा रक्तस्राव आणि गोठणारे रक्त

आपल्या मंडळातील बहुतेक सभासद माणसांचे डॉक्टर आहेत, मी पशुवैद्य. तरीही सुरतेत, उधना-लिंबायत असो की अडाजण, पिल्लाला रक्ताचे जुलाब सुरू झाले की शेजारी अनेकदा प्रथम आपल्याच दारी येतात. "डॉक्टरसाहेब, रक्त थांबवायचे एखादे इंजेक्शन द्या," ही त्यांची विनंती असते. या विनंतीमागील समज चुकीचा असून तो पिल्लाच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून हा लेखप्रपंच.

रोगाची ओळख

श्वानांचा पार्व्हो विषाणू १९७८ मध्ये ओळखला गेला आणि दोनएक वर्षांत जगभर पसरला. माणसाला होणारा पार्व्हो बी-१९ हा वेगळा विषाणू आहे. श्वानांच्या पार्व्होची बाधा माणसाला होत नाही. झपाट्याने विभाजित होणाऱ्या पेशी हे या विषाणूचे भक्ष्य. अस्थिमज्जेतील पेशी मेल्याने रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. आतड्याच्या अस्तराला नव्या पेशी पुरविणारा थर नष्ट झाल्याने अस्तरच उघडे पडते. शौचातील रक्त येते ते या सोललेल्या आतड्यातून. रक्ताची गोठण्याची शक्ती संपली, असा त्याचा अर्थ नव्हे.

रक्त का गोठते?

नेफ्रॉटिक सिंड्रोमच्या रुग्णात शिरांमध्ये गुठळ्या का होतात, हे आपण जाणतोच. अल्ब्युमिनबरोबर जवळजवळ त्याच आकाराचे अँटिथ्रॉम्बिनही मूत्रावाटे निघून जाते. पार्व्होत हीच गळती आतड्यातून होते. त्यातच दाहामुळे फायब्रिनोजन वाढते. गोठण्याला लगाम घालणारा घटक कमी आणि गोठविणारा जास्त, अशी ही स्थिती.

अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पार्व्होग्रस्त ९ श्वानांचे रक्त थ्रॉम्बोइलॅस्टोग्राफीने तपासले गेले. सर्वांतच अतिगोठणशीलता आढळली; चौघांत सलाईनच्या कॅथेटरशी निगडित गुठळी वा शिरेचा दाह दिसला. एपीटीटी मात्र काहीसा लांबलेला होता. केवळ तीच चाचणी पाहणाऱ्याचा ग्रह नेमका उलटा झाला असता!

म्हणून ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडसारखी रक्तस्तंभक औषधे सरसकट देऊ नयेत. याचा अर्थ प्रत्येक पिल्लाला हेपारिन द्यावे असाही नाही. अखेरच्या अवस्थेत सर्वांगी गुठळ्या होऊन गोठणघटक संपतात आणि खरोखरचा रक्तस्राव सुरू होऊ शकतो. आयबुप्रोफेन तर मुळीच नको. ते आतडे व मूत्रपिंड दोहोंस घातक ठरते.

द्रवोपचार

पिल्लू दगावते ते मुख्यत्वे जलशोष, शॉक आणि जंतुसंसर्ग यांमुळे. उपचाराविना दहातील नऊ जाऊ शकतात. वेळेवर उपचार मिळाल्यास बहुतेक वाचतात.

हिशेब सोपा आहे. वजन (किलो) गुणिले जलशोषाची टक्केवारी गुणिले १०, म्हणजे तूट मिलिलिटरमध्ये. ५ किलोच्या पिल्लात ८ टक्के जलशोष असल्यास तूट ४०० मिली. त्यात रोजची गरज, किलोमागे सुमारे ६० मिली, म्हणजे ३०० मिली, आणि उलटी-जुलाबांतून चालू असलेली हानी मिळवावी. शॉक असल्यास प्रथम रिंगर लॅक्टेट किलोमागे १५ ते २० मिली, पंधरा मिनिटांत. मग नाडी, हिरड्यांचा रंग व हातापायांची ऊब पुन्हा पाहावी. शॉकमध्ये कातडीखाली दिलेले सलाईन शोषलेच जात नाही. शीर सापडत नसेल तर मांडीच्या हाडातून द्रव देता येतो. रक्तातील साखर तपासावी. पोटॅशियम ताशी किलोमागे ०.५ मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा अधिक वेगाने देऊ नये.

तथापि 'जितके जास्त तितके चांगले' हे येथे लागू नाही. अल्ब्युमिन घटलेले असताना द्रवाचा अतिरेक झाला की सूज येते आणि गोठणघटकही विरळ होतात. कृत्रिम स्टार्चयुक्त द्रव गोठण्यात आणखी अडथळा आणतात.

कॅथेटर शक्यतो पुढच्या पायाला लावावा. मागचा पाय जुलाबाने माखतो. पट्टी रोज सोडून पाहावी. शीर दोरीसारखी कडक लागली, पाय सुजला वा दुखू लागला, तर कॅथेटर तत्काळ काढून जागा बदलावी.

दवाखाना परवडत नसेल तर

हा प्रश्न आपल्या वस्त्यांत नेहमीचा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४० श्वानांवरील अमेरिकेतील अभ्यासात दाखल केलेल्यांपैकी ९० टक्के वाचले. दुसऱ्या गटातील श्वानांना प्रथम शिरेतून द्रव देऊन शॉकमधून बाहेर काढले. नंतर कातडीखाली द्रव, उलटीरोधक व प्रतिजैविक एवढ्यावरच ठेवले. त्यांतीलही ८० टक्के वाचले. पैशांअभावी पिल्लू वाऱ्यावर सोडण्याचे कारण नाही.

याहून स्वस्त उपाय लशीचा. पहिली मात्रा ६ ते ८ आठवड्यांची असताना द्यावी व दर २ ते ४ आठवड्यांनी पुढची, ती १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत. आईकडून आलेली प्रतिद्रव्ये आरंभीच्या लशी निष्फळ करू शकतात. म्हणून शेवटची मात्रा सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी तीच चुकवली जाते. विषाणू जमिनीत अनेक महिने टिकतो. आजारी पिल्लाची जागा प्रथम धुऊन मग ब्लीचच्या पाण्याने पुसावी, प्रमाण ३० भाग पाण्यास १ भाग.

शेजाऱ्याचे पिल्लू आपल्या दारी आले, तर रक्त थांबविण्याच्या सुईऐवजी त्याच्या हिरड्या पाहा, पंजे गार आहेत का ते पाहा आणि त्याला लगेच पशुवैद्याकडे धाडा. या आजारात तेवढे काही तासच निर्णायक असतात.