पोर्ट ‘बिझी’ आहे, पण कोणामुळे?



धानाच्या बांधीतल्या मातीची ओल मोजणारा सेन्सर आर्डुइनो बोर्डाला जोडणे हा आपल्या तिरोडा भागातल्या सहावी-सातवीच्या मुलांसाठी छान उपक्रम आहे. संगणकावर उबुंटू लिनक्स असेल तर सॉफ्टवेअरला एक रुपयाही लागत नाही. पण प्रोग्राम बोर्डावर पाठवताना कधीकधी ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ असा संदेश येतो आणि तास तिथेच अडतो. मग वायर काढ, परत लाव, संगणक बंद कर! थांबा, आधी पोर्ट कोणी धरून ठेवलाय ते बघू.

लिनक्समध्ये सिरियल पोर्टसुद्धा फाइलसारखाच दिसतो. स्वस्त बोर्ड जोडला की ‘डेव्ह’ फोल्डरात बहुतेक वेळा ‘टीटीवाययूएसबी०’ नावाची फाइल येते. एका प्रोग्रामने ती उघडून कुलूप लावलं, की दुसऱ्याला ‘बिझी’ असं उत्तर मिळतं. कुलूप न लावताच दोघांनी उघडली तर आणखी गंमत होते. सेन्सरचे आकडे अर्धे इकडे, अर्धे तिकडे जातात आणि मुलांना वाटतं सेन्सरच खराब आहे.

बहुतेक वेळा गुन्हेगार साधाच असतो : दुसऱ्या खिडकीत उघडा राहिलेला सिरियल मॉनिटर. तो सापडला नाही तर टर्मिनलमध्ये ‘सुडो’सह ‘एलएसओएफ’ ही आज्ञा द्या आणि पुढे त्या फाइलचा पूर्ण पत्ता लिहा. पोर्ट धरणाऱ्या प्रोग्रामचं नाव आणि क्रमांक दिसेल. तो प्रोग्राम नेहमीसारखा बंद करा. ‘किल’ ही आज्ञा अगदी शेवटी.

बोर्ड जोडल्यावर लगेच ‘बिझी’ आणि थोड्या वेळाने सगळं ठीक, असं होत असेल तर ‘मोडेममॅनेजर’वर संशय घ्या. हा मोडेम आहे का, ते तो तपासत असतो. अर्धा मिनिट थांबलं की काम होतं. शाळेचं इंटरनेट डोंगलवर चालत असेल तर त्याला काढू नका.

‘परमिशन डिनाइड’ हा मात्र वेगळा आजार. तिथे वापरकर्त्याला ‘डायलआउट’ गटात घालून एकदा लॉगआउट करावं लागतं.

आता सर्वात महत्त्वाचं. उबुंटू २२.०४ वर सीएच३४० चिप असलेला बोर्ड जोडला की पोर्ट क्षणभर दिसून गायब होतो, असा अनुभव अनेकांना येतो. ‘डीमेसेज’ या आज्ञेत ‘बीआरएलटीटीवाय’ हे नाव दिसतं. इंटरनेटवर लगेच सल्ला मिळतो : काढून टाका. पण हे आहे काय? अंध व्यक्तींच्या ब्रेल डिस्प्लेवर पडद्यावरचा मजकूर पोचवणारा हा प्रोग्राम आहे. एका ब्रेल यंत्राची यूएसबी ओळख आणि या चिपची ओळख एकच आहे, १ए८६:७५२३. म्हणून तो आपल्या बोर्डाला ब्रेल यंत्र समजून ताब्यात घेतो.

घरच्या संगणकावर ब्रेलची गरज नसेल तर खुशाल काढा. शाळेचा संगणक मात्र सगळ्या मुलांचा. आज वर्गात अंध मूल नसेल, पुढच्या जूनमध्ये येईल, आणि तेव्हा ब्रेल डिस्प्ले का चालत नाही हे कोणालाच कळणार नाही. त्यापेक्षा ‘यूडेव्ह’च्या ‘८५-बीआरएलटीटीवाय’ या नियम-फाइलची त्याच नावाने ‘ईटीसी’मधल्या यूडेव्ह नियमांच्या फोल्डरात प्रत करा आणि त्या प्रतीत या ओळखीच्या नियमापुढे ‘#’ लावा. बाकी ब्रेल यंत्रं चालू राहतात. हे जड वाटत असेल तर पुढच्या खरेदीत सीएच३४० नसलेला बोर्ड मागा. मूळ आर्डुइनो उनोवर ही चिप नसते. तो ‘टीटीवायएसीएम०’ नावाने दिसतो.